कुंकवाखालची अक्षरं

'रिकव्हरी' हा शब्द कोणी माझ्यासमोर उच्चारला की अजूनही माझं डोकं फिरतं. त्या वर्षी हा शब्द मला दोन ठिकाणी भेटत होता. एक दवाखान्यात, डॉक्टरांच्या तोंडी. दुसरा आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. दोन्हीकडे भाषा मोठ्या खात्रीची होती आणि दोन्हीकडे हातात काही पडत नव्हतं.

आईला अर्धांगाचा झटका आला तो दोन हजार आठ-नऊच्या सुमाराचा हिवाळा. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं गेलं. हातापायाचं होईल म्हणाले. बोलण्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "रिकव्हरी होईल, पण पहिल्या काही महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं येईल. पुढे अवघड." म्हणजे घड्याळ लावून दिलं आणि निघून गेले.

आई माझी मोठी चिडकी बाई. रस्त्यावर कचरा टाकणारा, भाजी मोजताना काटा दाबणारा, उशिरा येणारा प्लंबर, कोणी तिच्या तोंडातून सुटला नाही. राग मला तिच्याकडूनच आलाय. झटक्यानंतर ती खाटेवर बसून राहायची, दिलं ते खायची, बोलावलं तिकडे बघायची. आणि भेटायला येणारी माणसं मला काय सांगत होती? "किती शांत झाल्यात हो काकू!" माझी तळपायाची आग मस्तकात जायची. ती शांत झाली नव्हती. तिच्याजवळचे शब्द गेले होते, आणि हे लोक चहा पिऊन त्याचं कौतुक करत होते.

बोलणं शिकवायला एक मॅडम आठवड्यातून दोनदा पंचवटीतल्या आमच्या घरी यायच्या. तरुण, हुशार, पुण्याला शिकलेल्या. त्यांच्याजवळ चित्रांचे पुठ्ठे असत. सफरचंद, छत्री, किल्ली, बस. एक पुठ्ठा समोर धरायचा आणि विचारायचं, "आजी, हे काय आहे?" आई पुठ्ठ्याकडे बघायची, मग मॅडमकडे, मग माझ्याकडे. महिनाभर काहीच नाही. मग एके दिवशी छत्रीच्या चित्रावर तिचे ओठ हलले आणि जड जिभेने ती म्हणाली, "छतरी शे."

मी उठून उभी राहिले. मॅडमही खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "छान! आता नीट म्हणा आजी. छत्री आहे. आहे म्हणा. आ-हे." आई गप्प. "शे नाही. आ-हे." आणि माझ्याकडे वळून समजावणीच्या सुरात, "जीभ उचलत नाहीये ना, म्हणून आहेचं शे होतंय. सुधारेल."

माझी आई सटाण्याकडची. तिकडे अहिराणी बोलतात आणि अहिराणीत आहे ला शे म्हणतात. लाखो माणसं म्हणतात, धडधाकट जिभेने म्हणतात. लग्न होऊन ती नाशिकला आली तेव्हा शेजारणी तिच्या शे ला हसायच्या. एकदोन वर्षांत तिने ते पुसून टाकलं आणि शुद्ध नाशिकचं मराठी बोलायला लागली. आम्हा भावंडांशी ती कधी अहिराणीत बोलली नाही. शाळेत पोरं चिडवतील म्हणून. आता चाळीस वर्षं वरून घातलेलं मराठी गेलं होतं आणि खाली होतं ते वर येत होतं. तर तेही चूक! एकाच बाईला एकाच शब्दासाठी आयुष्यात दोनदा गप्प करायचं म्हणजे काय?

मी मॅडमना सांगितलं. सांगितलं म्हणजे आवाज चढवूनच. त्या बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या, पण खोट्या नव्हत्या. म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं हो. मग तुम्ही त्यांच्याशी त्याच भाषेत बोला. त्यांच्या रोजच्या ओळखीचं, त्यांचंच काहीतरी वाचून दाखवा. भरपूर. आणि लवकर."

बोला! मला कुठे येत होती? कळायची थोडीफार, पण बोलायला तोंड उघडलं की नाटकातल्यासारखं व्हायचं. मामा-मामी केव्हाच गेले होते. मामेबहिणीला मुद्दाम सटाण्याहून बोलावून घेतलं. घरी नवऱ्याशी, गुरांशी, कोंबड्यांशी अहिराणी बोलणारी ही बाई आमच्या खाटेशी बसली आणि म्हणते, "आत्या, आपली प्रकृती आता कशी आहे?" मी म्हटलं, "अगं, घरी बोलतेस तशी बोल ना." तर पदर सारखा करून म्हणाली, "नाशिकला येऊन तसं कसं बोलायचं?" एसटीने आली तशी एसटीने गेली.

आणि तरीही आईचं अहिराणी माझ्या घरात होतं. पानंच्या पानं. फक्त ते मला उघडता येत नव्हतं. आता हे सांगायला जरा मागे जायला हवं.

मी मराठी टायपिंगचं काम करायचे. लग्नपत्रिका, वर्गणीच्या पावत्या, दिवाळी अंकाच्या जाहिराती. नव्वदच्या दशकातलं एक मराठी सॉफ्टवेअर होतं, त्याच्यावरच माझा हात बसलेला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आई चहा घेऊन यायची आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून माहेरचं काहीबाही सांगायची. खापरावरचे मांडे, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, आळशी सुनेला काय म्हणायचं, मारक्या बैलाला काय म्हणायचं. एकदा गंमत म्हणून मी तिला म्हटलं, तिकडच्यासारखंच सांग, मी टाईप करते. तिने सांगितलं. पडद्यावर शे उमटलेलं बघून ती खुर्चीतून पुढे वाकली. "हे असं छापून येतं?" तिने ते तोपर्यंत कुठे छापलेलं पाहिलंच नव्हतं. मग रोज दुपारी आमचं ते चालायचं. प्रिंट काढू का म्हटलं की म्हणायची, "संपलंय कुठे अजून?"

मग तो कॉम्प्युटर गेला. भारनियमनाचे दिवस, वीज जाताना आणि येताना झटका देऊन जायची. एका संध्याकाळी दिवे आले आणि आमच्या डब्यातून जळका वास आला. हार्ड डिस्क वाचली, बाकी सगळं मेलं. नवा लॅपटॉप घेतला, त्यात नवी विंडोज, आणि त्या विंडोजला माझं जुनं सॉफ्टवेअर चालेना. पत्रिका मी दुसऱ्या सॉफ्टवेअरवर करायला लागले. आईची फाईल तशीच राहिली. तेव्हा आई बोलत होती, त्यामुळे घाई कोणाला होती?

आता होती. फाईल लॅपटॉपवर उघडली की चौकोन आणि प्रश्नचिन्हं. पुण्यात आयटीत असलेल्या धाकट्या भावाला मेल केली, त्याच्याकडेही चौकोन. फोनवर मला म्हणाला, "ताई, सोप्पंय. व्हर्च्युअल मशीन कर. कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर. एक फुकटचा प्रोग्रॅम येतो, तो आत एक खोटा कॉम्प्युटर तयार करतो. त्यात जुनी विंडोज टाक, त्यात तुझं सॉफ्टवेअर टाक, झालं. अर्ध्या तासाचं काम आहे." उंटावरून शेळ्या हाकण्यात आमच्या भावाचा हात कोणी धरणार नाही. म्हटलं, एवढं अर्ध्या तासाचं आहे तर ये आणि कर. तर रिलीज होती, म्हणजे नवं सॉफ्टवेअर बाहेर काढायची घाई. त्याच्या कंपनीत दर महिन्याला रिलीज असायची.

खोटा कॉम्प्युटर झाला. तेवढं खरंच सोपं होतं. पण त्यात टाकायला जुनी विंडोज कुठून आणायची? कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने लगेच एक कॉपी केलेली सीडी पुढे केली. नाशिकमध्ये त्या काळी ज्याने ज्याने कॅबिनेटचे स्क्रू उघडले होते तो इंजिनिअर होता, तसा हाही. त्याची सीडी टाकली. विंडोज सुरू झाली, माझं सॉफ्टवेअर मात्र उघडल्याबरोबर बंद. त्या सीडीत कोणीतरी जागा वाचवायला निम्म्या गोष्टी काढून टाकल्या होत्या आणि आपल्या भाषांसाठी लागणारं सगळं त्यात गेलं होतं. त्याला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, ते लय जागा खातं. कोणाला लागतंय?"

मला लागतंय! आणि मुळात मी जुना कॉम्प्युटर चांगल्या कंपनीचा, पक्क्या बिलाचा घेतला होता. विंडोज त्यात विकत घेतलेली होती. मग तिची सीडी कुठे? तर ती कंपनीने दिलीच नव्हती. सीडीऐवजी हार्ड डिस्कचाच एक कोपरा राखून ठेवला होता, रिकव्हरी नावाचा. विंडोज बिघडली की त्यातून परत भरायची. आणि हार्ड डिस्कच बिघडली तर? घराची दुसरी किल्ली घराच्या आत टांगून ठेवण्यातला हा शहाणपणा. मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. गाणी ऐकवून झाल्यावर एक मुलगा अतिशय गोड आवाजात म्हणाला, "मॅम, रिकव्हरी सीडी कस्टमरने पहिल्या आठवड्यात स्वतः बनवून ठेवायची असते." म्हणजे हात माझा, सीडी माझी, वेळ माझा, आणि चूकही माझीच.

तो कोपरा शिल्लक होता हेही माझ्या रागाचंच फळ. तो कोपऱ्यावरचा इंजिनिअर पूर्वी एकदा म्हणाला होता, "हे रिकव्हरी उडवून टाकू का? फुकट जागा जाते." मी त्याला म्हटलं होतं, पैसे दिलेत, राहू दे, हात लावशील तर बघ.

जुनी डिस्क एका डबीत घालून लॅपटॉपला जोडली. रिकव्हरीचा कोपरा दिसला. त्यातला कंपनीचा प्रोग्रॅम खोट्या कॉम्प्युटरमध्ये चालवला. निळ्या पट्टीवर कंपनीचं चिन्ह आलं, माझ्या जिवात जीव आला आणि मग खाली इंग्रजीत ओळ उमटली. हा कॉम्प्युटर आमच्या कंपनीचा नाही, इथे हे चालणार नाही. ओके दाबा. म्हणजे माझ्या पैशाची वस्तू, माझ्या डिस्कवरची, माझ्या घरात मला सांगते की तू आमची नाहीस. मी ओके दाबलं नाही. मी लॅपटॉपचं झाकण असं आपटलं की आतल्या खोलीत आई दचकली. ती दचकली हे बघून मी आणखी चिडले, आता कोणावर ते मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी भावाने फोनवर शोधायला लावलं, आणि ही गोष्ट त्याच्या नावावर जमा करायलाच हवी. कंपनीचा प्रोग्रॅम अडवत होता, पण विंडोजचं मूळ सामान त्याच कोपऱ्यात एका फोल्डरमध्ये उघडंच पडलं होतं. ते बाहेर काढायचं आणि त्याची सीडी बनवायची. सीडी बनत असताना वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी ऐन वेळी बसली. दुसरी बनवली. ती लागली. खोट्या कॉम्प्युटरच्या खिडकीत जुनी ओळखीची निळी पाटी आली, फायली भरल्या गेल्या आणि मग तिने किल्ली मागितली. पाच-पाच अक्षरांचे पाच गट. ती किल्ली असते जुन्या डब्यावर चिकटवलेल्या चमचमत्या कागदावर. डबा माळ्यावर होता.

डबा खाली काढला. वर वाळलेल्या झेंडूचा दोरा अजून तसाच. आणि त्या चमचमत्या कागदावर, बरोब्बर अक्षरांच्या मधोमध, कुंकवाचा हा एवढा लालभडक टिळा.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा व्हायची. वडिलांची सायकल, आईचं शिवणयंत्र, विळी, आणि माझा धंदा कॉम्प्युटरवर सुरू झाल्यापासून तोही. पहिल्या दसऱ्याला आई हळद-कुंकवाची कोयरी हातात घेऊन डब्यापुढे उभी राहिली आणि विचारात पडली. "याचं कपाळ कुठे?" मी हसले होते. तिने डबा चारी बाजूंनी पाहिला आणि तो चमचमणारा कागद तिला सापडला. सगळ्या काळ्या डब्यावर तेवढाच तेजस्वी. तेच त्याचं कपाळ. दर दसऱ्याला तिथेच, हळद आणि त्यावर कुंकू, चांगलं अंगठ्याने दाबून, निघू नये म्हणून.

लोकांना वाटेल, आईच्या हाताचं कुंकू बघून माझे डोळे भरून आले असतील. नाही आले. मी चिडले. इतक्या मोठ्या डब्यावर हिला हीच जागा मिळाली! मी तसाच तो डबा उचलून तिच्या खाटेसमोर ठेवला आणि म्हटलं, "बघ काय करून ठेवलंस!" तिने डब्याकडे पाहिलं, झेंडूच्या दोऱ्याकडे पाहिलं, आणि डावा हात उचलून त्या टिळ्यावर अंगठा ठेवला. जणू आज दसराच आहे.

तेव्हा मात्र मी डबा तिथेच राहू दिला आणि फडकं आणायला उठले.

ओल्या फडक्याने पुसावं तर कागदावरची अक्षरंच निघतील. मग सुचलं, कपाळावरचं कुंकू आई कशाने काढायची? खोबरेल तेलाने. कापसाच्या बोळ्याला तेल लावून मी तिच्यासमोरच बसले आणि हलक्या हाताने एकेक अक्षर मोकळं केलं. आई शेवटपर्यंत बघत होती. सगळी निघाली, एक सोडून. ते इंग्रजी बी होतं की आठ, शेवटपर्यंत कळलं नाही. बी घातला, चूक म्हणाला. आठ घातला आणि पुढे गेला. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं सोप्पंय?" मी फोन ठेवून दिला.

माझं मराठी सॉफ्टवेअर त्यावर चढलं. आईची फाईल उघडली. चौकोन नाहीत, प्रश्नचिन्हं नाहीत, सगळं होतं तसं. मी लॅपटॉप उचलला आणि आईच्या खाटेवर तिच्या मांडीशी ठेवला. मॅडमही त्या दिवशी आलेल्या होत्या. त्यांनी आपले पुठ्ठे पिशवीतून काढलेच नाहीत, भिंतीशी स्टूल ओढून बसल्या.

मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. कळण्याच्या भाकरीचं होतं ते. पडद्यावर लिहिलं होतं, हाई कयनानी भाकर शे. पण आयुष्यभराची सवय, आणि चार माणसांत वाचताना जीभ आपोआप शुद्ध मराठीच्या पायरीवर चढते, तसं माझ्या तोंडून निघालं, "ही कळण्याची भाकरी आहे."

आईच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. मी पुढची ओळ घेतली. तिथेही तेच केलं. आईने डावा हात खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटला, पाण्याचा पेला हलला.

"नही!"

मॅडम उठायला लागल्या. मी त्यांना हातानेच थांबवलं. आईचं तोंड वाकडं झालं होतं, गळ्याची शीर ताठ झाली होती, एकेक शब्द ती आतून ओढून काढत होती. आणि ती चिडली होती. भाजीवाल्यावर चिडायची, प्लंबरवर चिडायची, अगदी तशी चिडली होती माझी आई.

"आहे नही," ती म्हणाली. मग पडद्यावर बोट आपटून, "शे. शे म्हन."

मी म्हटलं, "शे."